एका मुलासाठी सगळा वर्ग थांबवायचा का?

"मॅडम, एका ओमसाठी बाकीच्या एकेचाळीस मुलांना थांबवून ठेवू का?" चौथीच्या वर्गशिक्षिका विचारत होत्या. आवाजात रागापेक्षा थकवा जास्त. हा प्रश्न शिक्षकांइतकाच 'हुशार' मुलांचे पालकही मला विचारतात.

ओम (नाव बदललं आहे) परिसर अभ्यासाची उत्तरं तोंडी खडाखडा द्यायचा. उन्हाळ्यात विहीर का आटते हे त्याच्याकडूनच ऐकावं. वहीत मात्र 'घर'चं 'धर', 'भात'चा 'मात', आणि जोडाक्षर आलं की कोरी जागा. वर लाल शेरा : 'अभ्यासात लक्ष नाही'.

माझा पहिला सल्ला फसला. त्याला पुढे बसवा, सोपा पेपर द्या, असं मी सांगितलं. आठवड्याभरात मुलं त्याला 'सोप्या पेपरवाला' म्हणायला लागली आणि रोज सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं.

मग मी स्वतः दोन तास मागच्या बाकावर जाऊन बसले. अडणारा ओम एकटा नव्हता. तांड्यावरून येणारी, घरी गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलणारी एक मुलगी प्रश्न समजून घेईपर्यंत दुसऱ्याचं उत्तर देऊन झालेलं असायचं. खिडकीजवळचा एकजण डोळे बारीक करून फळा वाचत होता. (त्याला फक्त चष्मा हवा होता.)

पुढचे बदल बाईंनीच ठरवले, तेही सगळ्या वर्गासाठी. धड्यातले पाच-सहा नवे शब्द आधी चित्रांसह फळ्याच्या कोपऱ्यात. प्रश्न विचारला की लगेच हात वर नाही. मनात दहा आकडे, मग शेजाऱ्याला उत्तर, मग वर्गाला. प्रकट वाचनाचा उतारा आदल्या दिवशी. आणि परिसर अभ्यासाच्या चाचणीत लिहायचं, आकृती काढायची की तोंडी सांगायचं, हे ज्याचं त्याने निवडायचं. पहिल्याच चाचणीत नऊ जणांनी तोंडी निवडलं, त्यात वर्गातला पहिला नंबरही होता. 'सोप्या पेपरवाला' हे नाव तेव्हाच बंद पडलं.

"पण बोर्ड थोडंच तोंडी घेणार?" बाईंची शंका रास्त होती. म्हणून लेखन सोडलं नाही. रोज दहा मिनिटं अक्षरांचा वेगळा सराव ठेवला. शिवाय अध्ययन अक्षमता (म्हणजे समज चांगली असूनही वाचन-लेखनात किंवा गणितात सतत अडचण येणं) 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत येते. अधिकृत रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर दहावीला तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात, गरजेनुसार लेखनिकही. ओमच्या वडिलांना तपासणी नको होती, पोरावर शिक्का बसेल म्हणून. तिसऱ्या भेटीत ते खाली बघत म्हणाले, "माझंबी असंच व्हायचं. सातवीत शाळा सोडली." त्यानंतर अर्ज त्यांनीच नेला.

आणि बाईंचा मूळ प्रश्न? पहिलं सत्र संपलं तेव्हा वर्ग एक धडा मागे होता. दिवाळीनंतर दोन शनिवारांत तो भरून निघाला.