रॅम ३६०० वर चढवल्यापासून मेमटेस्टमध्ये एरर येतात, नवी रॅम घ्यावी का?

इतक्यात नको. तुम्ही लिहिलंय की ३२०० वेगाची डीडीआर४ रॅम आहे, ती ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने, ३६०० वर चालवताय, आणि म्हापशात पाऊस सुरू झाल्यापासून गेम खेळताना निळा स्क्रीन येतो.

आधी बायोस (मदरबोर्डच्या सेटिंग्जचा मेनू) डिफॉल्टवर आणा. एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारं तयार सेटिंग) बंद, प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकही बंद. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे चारही पास (फेऱ्या) पूर्ण होऊ द्या, रात्रभर लावून ठेवलं तरी चालेल. एरर शून्यच हवेत. 'एखाददुसरा चालतो' असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका. डिफॉल्टवरही एरर आले, तर रॅमची एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा. एरर स्टिकबरोबर फिरला तर स्टिक खराब, सगळ्याच स्टिकना आला तर स्लॉट किंवा बोर्ड.

त्याआधी पीसी बंद करून पॉवरची वायर काढा, मग स्टिक काढून तिची सोनेरी पट्टी बघा. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत ती काळपट पडते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळल्यावरच बसवा.

डिफॉल्टवर सगळं ठीक असेल तर दोष ओव्हरक्लॉकचा. रॅम तापली की तिच्या सेलमधला चार्ज लवकर गळतो, म्हणून एसीत पास झालेली सेटिंग ग्राफिक्स कार्ड तापल्यावर कोसळते. सीएल (रॅमला डेटा द्यायला लागणारा विलंब) १६ असेल तर १८ करून बघा, व्होल्टेज १.३५ व्होल्ट ठेवा. चार स्टिक असतील तर ३६०० चा हट्ट सोडा, मेमरी कंट्रोलरवर (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागावर) ताण येतो. खरं तर ३२०० आणि ३६०० मधला फरक गेममध्ये फारसा जाणवतही नाही.

आणि हो, एरर येत असताना विंडोज अपडेट करू नका, फायली खराब होऊ शकतात.