अर्ली अर्जात सॅटचं वजन किती, आणि दुकानातलं काम कुठे लिहायचं?

पत्राचा गोषवारा : नाशिक जिल्ह्यातले एक पालक लिहितात : मुलगी राज्य मंडळाच्या ज्युनियर कॉलेजात सायन्सला, आता बारावीत गेली. दहावीला 94 टक्के, अकरावीला 78. सॅट (अमेरिकेतल्या पदवी प्रवेशाची परीक्षा, 1600 गुणांची) एकदा दिली, 1430 (गणित 760, इंग्रजी 670). अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्स करायचंय. कन्सल्टंट म्हणतात, ‘अर्ली डिसिजन’ने (नेहमीच्या फेरीआधीचा, बंधनकारक अर्ज) अर्ज केला की चान्स तिप्पट होतो; शिवाय सॅट 1550 पर्यंत न्या आणि एखादी एनजीओ काढा. घरी सतरा प्रमाणपत्रांची फाइल आहे. ‘तिला तसे छंद नाहीत, संध्याकाळी आमच्या ठिबकच्या दुकानात बसते.’ फी झेपायला स्कॉलरशिप लागेल. काय करावं?

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सॅटबद्दल पानभर लिहिलंत आणि अकरावीचे 78 टक्के एका ओळीत उरकलेत. माझ्या मते क्रम उलटा हवा होता. अर्ली अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबर, काही ठिकाणी 15. त्या दिवशी मुलीच्या हातात बारावीचा निकाल नसतो, सहामाहीचे गुण असले तर असतात. म्हणजे विद्यापीठासमोर शेवटचं पूर्ण वर्ष असतं ते अकरावीचं. आपल्याकडे दहावीनंतर दमलेली मुलं अकरावी ‘आरामाचं वर्ष’ म्हणून काढतात, आणि इंटिग्रेटेड कॉलेजात तर अकरावीचा पेपर क्लासच्या टेस्टमधून वेळ काढून दिला जातो. अर्ली अर्जात नेमकं तेच वर्ष मध्यभागी येऊन बसतं.

यावर उपाय आहे. कॉलेजच्या प्राचार्यांकडून (अर्जात ‘काउन्सेलर’ म्हणून त्यांचंच नाव जाईल) स्कूल रिपोर्टमध्ये (अर्जासोबत कॉलेजने पाठवायचा अहवाल) दोन गोष्टी लिहून घ्या : अकरावी सायन्सच्या वर्गाची सरासरी किती आणि मुलगी कितवी. वर्गाची सरासरी 58 असेल तर 78 चा अर्थच बदलतो. तिथे अर्ज वाचणाऱ्याला महाराष्ट्रात 78 म्हणजे काय हे आपोआप कळत नाही. तुलनेला काही दिलं नाही तर तो 94 वरून 78 वर घसरण एवढंच वाचतो. बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण ऑक्टोबरअखेर मिळत असतील तर तेही जोडा. ते 85 च्या पुढे असले तर पुढची अर्धी चिंता मिटली.

आता सॅट. कोरोनाच्या काळात बहुतेकांनी ही परीक्षा ऐच्छिक केली होती. ते दिवस मोठ्या नावांपुरते सरत आलेत. एमआयटीने 2022 मध्येच सक्ती परत आणली. 2024 मध्ये डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी तेच केलं. येलने सॅट, एसीटी, एपी किंवा आयबी यांपैकी कोणत्यातरी परीक्षेचे गुण द्यायलाच हवेत असा नियम केला. पर्ड्यू आणि जॉर्जिया टेकलाही गुण लागतातच. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिससकट सगळ्या कॅम्पसवर प्रवेशासाठी सॅट पाहतच नाहीत, आणि तिथे अर्ली नावाचा प्रकारही नाही. म्हणून तुमच्या यादीतल्या प्रत्येक विद्यापीठाचा यंदाचा नियम त्यांच्याच प्रवेश विभागाच्या पानावर वाचा, कन्सल्टंटच्या तक्त्यात नको.

1430 कमी का जास्त, हे हवेत ठरत नाही. अमेरिकेतली बरीचशी विद्यापीठं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं दस्तऐवज काढतात. गूगलवर विद्यापीठाचं नाव आणि हे तीन शब्द टाका, पीडीएफ मिळते. त्यातले तीन तक्ते पाहा. सी-7 मध्ये गुण, अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी, निबंध, शिफारसपत्र, इतर उपक्रम यांपैकी कशाला ‘अति महत्त्वाचं’, कशाला ‘महत्त्वाचं’ आणि कशाला नुसतं ‘विचारात घेतलं जातं’ हे त्यांनीच खुणा करून सांगितलेलं असतं. सी-9 मध्ये दाखल झालेल्या मुलांचे सॅटचे 25वे, 50वे आणि 75वे शतमक असतात (25वं शतमक म्हणजे ज्याच्या खाली शंभरातली 25 मुलं आहेत तो आकडा). सी-21 मध्ये अर्ली डिसिजनला किती अर्ज आले आणि किती घेतले हा आकडा असतो.

सी-9 वाचताना एक मेख आहे. जिथे परीक्षा ऐच्छिक आहे तिथे चांगले गुण असलेलीच मुलं ते पाठवतात, त्यामुळे तक्ता फुगलेला दिसतो. त्याच तक्त्यात किती टक्के मुलांनी गुण पाठवले तेही असतं. ते 40-50 टक्के असेल तर आकडे जरा खाली ओढूनच वाचायचे. मी साधारण असा हिशेब धरतो : मधल्या आकड्याच्या वर असाल तर पाठवा, 25 आणि 50 च्या मध्ये असाल तरी राज्य मंडळाच्या मुलांनी बहुधा पाठवावेत, कारण त्या वाचकाच्या ओळखीचं माप तुमच्या फाइलमध्ये तेवढंच आहे, 25 च्या खाली आणि ऐच्छिक असेल तर पाठवू नका. डार्टमथने सक्ती परत आणताना दिलेलं कारणही याच अंगाचं होतं : साधारण परिस्थितीतली मुलं जे गुण लपवत होती, ते त्यांच्या उपयोगाचे ठरले असते.

कॉम्प्युटर सायन्ससाठी बेरजेपेक्षा गणिताचा आकडा आधी पाहिला जातो. वरच्या विद्यापीठांत गणिताचं 75वं शतमक सरळ 800 असतं. 760 वाईट नाही, पण वाढवायचंच तर आधी तिथे वाढवा. डिजिटल सॅटमध्ये गणिताचे दोन भाग असतात, प्रत्येकी 22 प्रश्न, 35 मिनिटं. पहिल्या भागात चुका जास्त झाल्या की दुसरा भाग सोपा येतो, आणि मग त्यातलं सगळं बरोबर आलं तरी गुणांना वर छप्पर लागलेलं असतं. म्हणून सराव पहिल्या 22 प्रश्नांत घाई न करण्याचा हवा. ब्लूबुक ॲपवर, सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या मोफत पूर्ण चाचण्या आहेत. ऑगस्टची परीक्षा द्या, गरज पडली तरच ऑक्टोबरची; निकालाला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे नोव्हेंबरची परीक्षा 1 तारखेच्या अर्जाला बऱ्याच ठिकाणी उपयोगाची नाही. अनेक विद्यापीठं वेगवेगळ्या दिवशीचे दोन विभागांतले सर्वोत्तम गुण एकत्र धरतात, त्यामुळे गणित वाढलं आणि इंग्रजी दहाने उतरलं तरी नुकसान नाही. तीनदा देऊन थांबायचं. 1490 वरून 1530 वर जायला जे दोन महिने जातील ते बारावीच्या पहिल्या सत्राला दिले तर जास्त कामी येतील.

उपक्रमांचं वजन किती, यावर अंदाजांचा बाजार मोठा आहे. पण एका विद्यापीठाचं माप जगजाहीर झालेलं आहे. हार्वर्डच्या प्रवेशप्रक्रियेवरचा खटला 2023 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात संपला. त्या खटल्यात तिथली अंतर्गत मोजपट्टी उघड झाली. अभ्यास, इतर उपक्रम, खेळ, शाळेची शिफारस, व्यक्तिमत्त्व या प्रत्येकाला 1 ते 6 असा अंक, 1 सर्वोत्तम. उपक्रमांत 1 म्हणजे राष्ट्रीय पातळीवरचं किंवा व्यावसायिक तोडीचं काम. 2 म्हणजे शाळेत ठळक जबाबदारी, विद्यार्थी प्रतिनिधी किंवा अंकाची संपादक अशी. 3 म्हणजे भाग घेतला, पण वेगळं काही नाही. तुमच्या सतरा प्रमाणपत्रांतली बहुतेक 3 मध्ये बसतात. फी भरून शाळेतच होणाऱ्या आणि दर वर्गात सुवर्णपदक देणाऱ्या ऑलिम्पियाड परीक्षा त्यातच. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत होणारी गणित ऑलिम्पियाडची साखळी निराळी. त्यात मुलगी आयओक्यूएम या पहिल्या फेरीतून पुढे आरएमओ या विभागीय फेरीपर्यंत गेली असती तर ते एकच प्रमाणपत्र सोळांना भारी पडलं असतं. सहावीतलं बालवैज्ञानिकाचं पदक फाइलमध्येच राहू द्या, नववीच्या आधीचं इथे मोजत नाहीत.

कॉमन ॲपमध्ये (अनेक विद्यापीठांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) उपक्रमांच्या दहाच जागा आहेत. प्रत्येक ठिकाणी भूमिकेला 50 अक्षरं, संस्थेच्या नावाला 100, आणि काय केलं ते सांगायला 150, मोकळ्या जागा धरून. सोबत आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे. सन्मानांसाठी वेगळ्या पाच जागा. दहा भरल्याच पाहिजेत असं नाही, सहा भक्कम असतील तर सहा.

पहिल्या जागेवर मी तुमचं दुकान लिहीन. होय, तेच. तिथल्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदारी’ आणि ‘पगारी काम’ असे स्वतंत्र प्रकार आहेत, आणि आपली मुलं ते लाजून सोडून देतात. फक्त ‘वडिलांना दुकानात मदत करते’ असं लिहिलं तर ती ओळ मेली. मुलीला विचारा : रोज किती वेळ बसतेस, नेमकं काय करतेस, तुझ्यामुळे काय बदललं? समजा तिने लॅटरल, ड्रिपर, फिल्टर यांचा साठा वहीतून एक्सेलमध्ये आणला असेल, उधारीची यादी गावानुसार लावली असेल, तर आशय असा येईल (अर्जात इंग्रजीत) : ‘ठिबक सिंचनाच्या दुकानात रोज 2 तास काउंटर, 300 वस्तूंचा साठा वहीतून एक्सेलमध्ये, हंगामात मालाची मागणी मी काढते.’ आकडे अर्थात तिचे खरे हवेत. कॉम्प्युटर सायन्स मागणाऱ्या मुलीच्या अर्जात ही ओळ कोणत्याही कोडिंग कॅम्पपेक्षा बोलकी आहे, आणि पुढे हीच मांडणी डेटाबेसमध्ये नेऊन छोटा प्रोग्रॅम लिहिला तर त्याला दुसरी स्वतंत्र जागा मिळेल. ऑगस्टपर्यंत वेळ आहे.

ढोल-ताशा पथक, गांधर्व मंडळाची मध्यमा, असं काही असेल तर तेही येऊ द्या, पण नाव टाकून पुढे जाऊ नका. ‘मध्यमा’ हा शब्द बॉस्टनमधल्या वाचकाला काही सांगत नाही. किती वर्षांचं शिक्षण, परीक्षा कोण घेतं हे त्या 150 अक्षरांत बसवावं लागतं. पथकाचे तासही खरे लिहा : सरावाचे आठ-दहा आठवडेच, वर्षाचे 52 नाहीत. तासांची बेरीज आठवड्याला सत्तर निघाली की बाकीच्या ओळींवरचाही विश्वास उडतो. एनजीओ मात्र काढू नका. बारावीच्या जूनमध्ये जन्मलेली संस्था वाचणाऱ्याला तारखेवरूनच कळते. पैसे देऊन छापलेले ‘संशोधन निबंध’ही त्याच माळेतले.

आता त्या ‘तिप्पट चान्स’कडे. अर्ली डिसिजन हा करार आहे : एकाच ठिकाणी करायचा, सही मुलीची, तुमची आणि प्राचार्यांचीही, डिसेंबरच्या मध्याला होकार आला की बाकी सगळे अर्ज मागे घ्यायचे. सी-21 मध्ये स्वीकाराचं प्रमाण मोठं दिसतं हे खरं, पण त्या आकड्यात खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुलं आणि जिथे पाहतात तिथे माजी विद्यार्थ्यांची मुलंही असतात. नाशिक जिल्ह्यातल्या, फी माफी मागणाऱ्या मुलीचं प्रमाण त्यात वेगळं दिलेलं नसतं.

आणि तुमचा खरा अडसर पैसा आहे. बऱ्याच नामांकित खासगी विद्यापीठांचा राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च 90 हजार डॉलरच्या आसपास पोहोचला आहे. परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली हे न पाहता निवड करणारी ठिकाणं मोजकी : हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राऊन, ॲमहर्स्ट, बोडोइन अशी. इतर बहुतेक ठिकाणी मदत मागणं निवडीतच आड येतं. ‘आत्ता मागू नका, आत गेल्यावर मागू’ हा सल्ला ऐकू नका. अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला नंतर मदत मागताच येत नाही. मिळालेल्या मदतीत खर्च खरोखर भागत नसेल तर करारातून सुटका मिळते, पण मग वेगवेगळ्या प्रस्तावांची तुलना करायची संधी गेलेली असते. स्कॉलरशिप हवी असणाऱ्या घराने अर्ली डिसिजन टाळलेलंच बरं.

तुमच्यासाठी सोयीचं आहे ते ‘अर्ली ॲक्शन’ : मुदत तीच, उत्तर लवकर, पण बंधन नाही, निर्णय 1 मेपर्यंत कळवायचा. पर्ड्यू, इलिनॉय, जॉर्जिया टेक, एमआयटी या सगळ्यांना एकाच वेळी असा अर्ज करता येतो. पहिल्या तिन्ही सरकारी आहेत, परदेशी मुलांना मदत फारशी नसते. तेव्हा होकार आला तरी शुल्काचा हिशेब आधी मांडा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांचं अर्ली ‘मर्यादित’ आहे : बंधन नाही, पण सोबत दुसऱ्या खासगी विद्यापीठात अर्ली करता येत नाही, एमआयटीतही नाही. सरकारी विद्यापीठं आणि अमेरिकेबाहेरची चालतात. मदतीच्या अर्जासाठी बऱ्याच ठिकाणी सीएसएस प्रोफाइल (घरच्या उत्पन्न-मालमत्तेची माहिती देणारा कॉलेज बोर्डाचा फॉर्म) लागतं. दुकानाचा ताळेबंद आणि विवरणपत्रं आत्ताच काढून ठेवा.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते कागदांवर. नववी-दहावीच्या गुणपत्रिका जुन्या शाळेतून सही-शिक्क्यासह घ्या. प्राचार्य आणि शिफारस देणारे शिक्षक यांचा ईमेल शक्यतो कॉलेजच्या डोमेनवरचा हवा. शिक्षक बऱ्याच ठिकाणी दोन लागतात, त्यातले एक गणिताचे घ्या. ‘आज्ञाधारक, हुशार, शिस्तप्रिय’ असं पत्र सगळ्यांना जातं, म्हणून त्यांना मुलीने वर्गात विचारलेला एखादा प्रश्न, सोडवलेलं एखादं अवघड उदाहरण यांची अर्ध्या पानाची टिपणं द्या. कॉलेजचा ‘स्कूल प्रोफाइल’ नसेल तर दोन पानांत तयार करून प्राचार्यांकडून तपासून घ्या : मंडळ, विद्यार्थिसंख्या, गुणांची विभागणी. हे सगळं ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. मुदत तुमच्या घड्याळाप्रमाणे रात्री 11.59 पर्यंत असली तरी दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसला कुलूप असतं, आणि क्लार्कच्या टेबलाच्या कप्प्यातला शिक्का पाडव्यानंतरच बाहेर येतो.

डिसेंबरमध्ये ‘डिफर्ड’ असं उत्तर आलं तर तो नकार समजू नका. अर्ज नेहमीच्या फेरीत जातो, निकाल मार्चअखेर. त्यासाठी बारावीच्या सहामाहीचे गुण मिड-इयर रिपोर्टमधून जानेवारीत पाठवावे लागतात, म्हणून जेईईच्या धांदलीत त्या परीक्षेला दांडी मारू देऊ नका.