सदर-इ-रियासत म्हणजे राज्यपालच ना?

प्रश्न : डॉ. करणसिंह जम्मू-काश्मीरचे 'सदर-इ-रियासत' होते, असं वाचलं. हे राज्यपालपदाचंच दुसरं नाव का? आणि ते राजदूत कधी झाले? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही हो. पण गोंधळ तुमचा एकट्याचा नाही. बत्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवताना मीही हे पान भरकन उलटायचो.

राज्यपाल दिल्लीहून नेमला जातो. सदर-इ-रियासत तिथल्या सभागृहानं पाच वर्षांसाठी निवडायचा आणि राष्ट्रपतींनी त्याला मान्यता द्यायची. म्हणजे राजाची गादी गेली आणि तिथे निवडून आलेला माणूस बसला. गंमत अशी, की १९५२ साली निवडून आला तो राजाचाच मुलगा!

त्याआधी १९४९ मध्ये महाराजा हरिसिंह संस्थान सोडून मुंबईला आले, १९६१ला इथेच वारले. मागे राजप्रतिनिधी म्हणून राहिले अठरा वर्षांचे करणसिंह. काश्मिरात लढाई चालू असताना हा मुलगा कमरेच्या दुखण्यानं न्यूयॉर्कच्या रुग्णालयात प्लास्टरमध्ये पडून होता. तिथून उठला तो थेट कारभारात.

पद शोभेचं, असं समजू नका. ऑगस्ट १९५३ मध्ये शेख अब्दुल्ला गुलमर्गला गेले होते. मंत्रिमंडळाचा विश्वास गमावला, असं कारण देऊन त्यांना पंतप्रधानपदावरून दूर केल्याचा हुकूम रातोरात तिथे पोचला. (हो, तेव्हा तिथे पंतप्रधानच म्हणत.) खाली सही बावीस वर्षांच्या करणसिंहांची. पाठीशी दिल्ली होती हे उघड आहे, पण सही त्यांचीच. शेखसाहेब पुढे कित्येक वर्षं कैदेत होते. मला ती सही आजही खटकते.

१९६५ला पदाचं नाव बदलून 'राज्यपाल' झालं, माणूस तोच राहिला. तुमचा समज बहुधा तिथून आला असावा. १९६७ला ते सोडून इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात गेले. आधी पर्यटन व नागरी विमान वाहतूक, मग आरोग्य. वॉशिंग्टनच्या वकिलातीत मात्र १९८९-९० एवढेच दिवस होते, त्यामुळे 'राजदूत' ही ओळख तशी तोकडीच.

लेखक म्हणून त्यांना वाचायचं तर इंग्रजी आत्मचरित्राचा पहिला खंड, 'एअर अपॅरंट', आधी घ्या. श्रीअरविंदांच्या राजकीय विचारांवरचा प्रबंध सवडीनं. माझी आत्मचरित्राची प्रत रद्दीवाल्याकडची आहे, शेवटची चार पानं नाहीत. तुम्हाला धड मिळाली तर कळवा.