कूस आणि पाठ

प्रिय मुली,

सोमवारपासून तू मेडिसिन वॉर्डात सिस्टरांची मदतनीस म्हणून लागतेस. कोर्समध्ये बीपी, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बेड मेकिंग सगळं घोटून झालं असेल, म्हणून ते पुन्हा शिकवत बसत नाही. मला तुझ्याशी बोलायचंय ते अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या पाठीबद्दल. डॉक्टर राऊंडला येतात तेव्हा पेशंट उताणा असतो. सिस्टर सलाईन, इंजेक्शनं आणि फायलींत अडकलेल्या असतात. पाठ दिसते ती पुसणाऱ्याला, आणि पुसणारी तू आहेस.

बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होते ती दाबामुळे. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली की तिथलं रक्त थांबतं, आणि अशक्त माणसाला काही तासही पुरतात. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. सिस्टरांनी एखाद्यासाठी वेगळी वेळ ठरवली असेल तर ती पाळायची. एअर बेड, म्हणजे हवेची गादी, लावलाय म्हणून वळवायचं थांबवू नकोस. त्या गादीने दाब कमी होतो, संपत नाही.

वळवण्याआधी पेशंटला सांग. शुद्ध नसली तरी सांग, "आजोबा, आता तुम्हाला डाव्या कुशीवर घेते हं." पलंगाला ब्रेक आहे ना, सलाईनची नळी, कॅथेटर (लघवीची नळी), ऑक्सिजन कुठे अडकतंय का, ते बघ. मग त्यांना आधी पलंगाच्या उजव्या कडेला सरकवून घे, म्हणजे वळल्यावर ते मधोमध येतील. सरकवताना ड्रॉ शीट, म्हणजे पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर, धरून दोघींनी मिळून उचलायचं. काखेत हात घालून ओढलंस की कातडी गादीला घासून सोलते, आणि लकवा झालेला हात ओढलास तर खांदा सांध्यातून उतरू शकतो. एकटी असशील तर वॉर्डबॉय मामांना हाक मार, थांब, पण ओढू नकोस. वळल्यावर पूर्ण आडवं कुशीवर ठेवू नकोस, सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन ३० अंशांइतकंच कलतं ठेव. दोन्ही गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि पोटऱ्यांखाली एक अशी, की टाचा अधांतरी राहतील. टाचेखाली पाणी भरलेले ग्लोव्हज ठेवलेले तुला दिसतील. ते काढ. त्याने टाचेवरचा दाब हटत नाही.

कूस बदलली की मोकळी झालेली बाजू उजेडात बघ. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, डोक्याचा मागचा भाग, आणि ऑक्सिजनची नळी जिथून जाते ते कानामागचं. लाल दिसलं तर बोटाने तीन सेकंद दाबून सोड. पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर रक्त फिरतंय. तरी त्या बाजूवर लगेच झोपवू नकोस. दाबूनही लालच राहिलं तर इजा सुरू झालीय. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली पटकन कळत नाही, म्हणून हात लावून बघ: शेजारच्या भागापेक्षा गरम लागतंय का, घट्ट किंवा पिचपिचीत लागतंय का, पेशंट तिथे दुखतं म्हणतोय का. अशा जागी स्पिरिट-पावडर चोळायची पद्धत पुष्कळ जणींच्या हातात बसलीय. चोळू नकोस. आतली इजा झालेली पेशी आणखी फाटते.

डायपर कूस बदलतानाच बघत जा, म्हणजे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. बायकांना पुसताना नेहमी पुढून मागे. टिपून कोरडं कर, खसाखसा पुसू नकोस. युरीन बॅग पेशंटच्या मूत्राशयाच्या पातळीखाली टांग, पण जमिनीला टेकू देऊ नकोस, आणि वळवताना पेशंटच्या अंगावर ठेवू नकोस.

भरवताना बसतं करून, छोटा चमचा, आणि नंतर अर्धा तास तसंच बसतं. डोकं उंच करण्याआधी गुडघे जरा वाकते कर, नाहीतर पेशंट खाली घसरतो आणि पुन्हा माकडहाडच घासतं. लकव्याच्या नवीन पेशंटला सिस्टर हो म्हणेपर्यंत घोटभर पाणीही नाही. नातेवाईक प्रेमाने नारळपाणी घेऊन येतात. त्यांना चिडून नव्हे, ठसका लागून पाणी फुफ्फुसात जाईल हे समजावून थांबव. आणि "जेवले" असं लिहू नकोस. अर्धी वाटी वरण-भात, हे लिही. न खाणाऱ्याची कातडी आधी फाटते.

चार्टवर "१० वाजता डावी कूस" हे १० वाजता लिहायचं. पहाटे एका बैठकीत रात्रभराचे रकाने भरलेले मी पाहिलेत, आणि त्या पेशंटची पाठही पाहिलीय.

काही दिसलं तर सिस्टरांना मोघम सांगू नकोस. "सात नंबर, माकडहाडावर रुपयाएवढी लाली, दाबून पांढरी होत नाही, आठला पाहिली," असं सांग. त्या कामात असतील आणि आल्या नाहीत तर पुन्हा जा. तिसऱ्यांदाही जा. रागावल्या तरी चालेल.

सोमवारी नखं कापून ये, अंगठी-बांगड्या घरी ठेव. म्हाताऱ्या माणसांची कातडी तेवढ्यानेही खरचटते. पुढून बंद बूट घाल. पहिल्या आठवड्यात पाय दुखतील, रात्री गरम पाण्यात ठेव.

तुझी,
सिस्टर