पहिल्यांदाच आरओ (पाणी शुद्ध करणारं मशीन) बसवताय ना? एवढं सांभाळा

मशीन घेण्याआधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चालतो. धरणाचं गोडं पाणी नळाला येत असेल तर बहुतेकदा यूव्ही-यूएफ (अतिनील किरण आणि बारीक गाळणीचं मशीन) पुरतं, आरओची खरी गरज बोअरच्या जड पाण्याला.

बसवताना सगळ्यात मोठी चूक असते ती विजेची. प्लग पॉइंट मशीनच्या खाली किंवा सिंकला लागून नको. गळती झाली की पाणी थेट सॉकेटमध्ये जातं. पॉइंट बाजूला, थोडा उंचावर, अर्थिंग तपासलेला हवा. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको. आणि भिंतीला ड्रिल लावण्याआधी आतून वायर किंवा पाइप कुठून गेलाय ते विचारून घ्या. आमच्याकडे हे राहिलं आणि पाइपच फुटला.

बाकी थोडक्यात:
- नळी ब्लेडने सरळ कापा. तिरकी कापली की जोड हमखास गळतो.
- इमारतीची पाण्याची टाकी बरीच उंचावर असेल तर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावा.
- मशीनची टाकी पहिल्या दोन वेळा भरली की ते पाणी पिऊ नका, ओतून द्या.
- गावाला जाताना इनलेटचा (मशीनला पाणी येतं तिथला) कॉक बंद करा.

मेम्ब्रेन (आरओची मुख्य गाळणी), मिनरल कार्ट्रिज (पाण्यात खनिजं घालणारा भाग) वगैरे नंतर बघू. पहिल्या दिवशी तासाभराने प्रत्येक जोडावर कोरडा टिशू फिरवा. ओला झाला तर लगेच मशीन बंद करून तो जोड पुन्हा बसवा. जमेल तुम्हाला, अडलं तर विचारा.