व्हिक्टोरियन काळातले मृतांचे आणि 'आत्म्यांचे' फोटो जमवायचे आहेत. खरे कसे ओळखायचे?

तुम्ही लिहिलंय की एका विक्रेत्याकडे 'मृत मुलीचा उभा फोटो' म्हणून एक टिनटाइप (पत्र्यावरचा फोटो) आहे, तिच्या पायांमागे लोखंडी स्टँडचा पाया दिसतो, किंमत भरमसाट आहे, तर घ्यावा का. त्या किमतीला अजिबात घेऊ नका. फोटो काढला तेव्हा ती मुलगी जिवंत होती.

त्या काळी काही सेकंद तरी निश्चल राहावं लागे, म्हणून स्टुडिओत मानेमागे टेकवायला असा स्टँड असायचा. त्याच्या चिमट्याने डोकं स्थिर राहतं, पण त्यावर प्रेत उभं राहू शकत नाही. म्हणजे स्टँड दिसला की माणूस जिवंत समजायचा. पांढरट, निर्जीव वाटणारे डोळे हीसुद्धा मृत्यूची खूण नव्हे. तेव्हा फोटोसाठी काचेला आणि पत्र्याला कोलोडियन नावाचा रासायनिक लेप देत, त्याला निळा रंग फार लवकर लागे, त्यामुळे निळे डोळे जवळजवळ पांढरे उमटत.

माझी पहिली खरेदी अशीच फसली. अकरा वर्षांपूर्वी 'मृत बाळ' म्हणून एक छोटा फोटो घेतला. बाळाच्या मागे चादरीचा एक विचित्र ढीग होता. पुढे कधीतरी भिंग लावून पाहिलं, तर चादरीतून एक हात बाळाला धरून होता आणि बाळाचं पाऊल हलल्यामुळे पुसट झालं होतं. चादरीखाली आई होती, चुळबुळणाऱ्या लेकराला धरून बसलेली. असे फोटो तेव्हा सर्रास काढत आणि आज ते सर्रास मृत्यूच्या नावाने विकतात.

खऱ्या मृत्युचित्रात देह बहुधा आडवा असतो: पलंगावर, कोचावर, शवपेटीत, नाहीतर आईच्या मांडीवर. माझ्याकडच्या एका फोटोत मांडीवरच्या मुलाची पापणी न् पापणी मोजता येते, कारण ते हललं नाही. आईचा चेहरा मात्र धूसर आहे. तिला तेवढे सेकंद स्थिर राहता आलं नाही. कितीतरी घरांत त्या मुलाचा तो एकुलता एक फोटो असे. हे एकदा लक्षात आलं की भुताखेतांच्या मथळ्यांनी विकणाऱ्यांचा राग येतो. मला तरी येतो.

सुरुवात शोकाच्या फोटोंपासून करा. १४ डिसेंबर १८६१ ला प्रिन्स अल्बर्ट गेला आणि राणी व्हिक्टोरियाने १९०१ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, काळे कपडे सोडले नाहीत. १८६२ मध्ये तिने मुलींसह अल्बर्टच्या अर्धपुतळ्याजवळ बसून फोटो काढून घेतला. सामान्य घरांतही क्रेपच्या काळ्या पोशाखात, गेलेल्या माणसाचा फोटो हातात धरून बसलेल्या बायका दिसतात. मला हे सगळ्यांत प्रिय. काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत नाव आणि तारीख छापलेली स्मृतिकार्डं बरीच स्वस्त मिळतात.

'आत्म्यांचे' फोटो, म्हणजे जिवंत माणसाशेजारी मेलेल्याची धूसर आकृती उमटलेले, ही वेगळीच गोष्ट. बोस्टनच्या विल्यम ममलर या फोटोग्राफरने १८६०च्या दशकात हा धंदा सुरू केला. १८६९ मध्ये न्यूयॉर्कात त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला, सर्कसवाल्या बार्नमने विरोधात साक्ष दिली, तरी पुराव्याअभावी तो सुटला. पुढे लिंकनच्या विधवेने त्याच्याकडे फोटो काढला, त्यात तिच्या खांद्यांवर हात ठेवलेला नवरा उमटला. असेच फोटो काढणाऱ्या पॅरिसच्या ब्यूगेने तर १८७५ मध्ये कोर्टात फसवणुकीची कबुली दिली. 'आत्मे' उमटवायला तो वापरत असलेली बाहुली आणि पुठ्ठ्यावरची डोकी पोलिसांनी पुढे ठेवली. तरीही साक्षीदार म्हणत राहिले की हा माझाच माणूस, मी ओळखलाय. त्या साक्षींसाठी मी या फोटोंना खोटं म्हणून बाजूला टाकू शकत नाही.

ममलरचा अस्सल फोटो तुमच्या हाती सहज लागेल असं समजू नका. बाजारात बहुतेक वेळा येतात ती लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनीची भुताची दुहेरी कार्डं (शेजारी शेजारी दोन चित्रं, खास भिंगातून पाहिली की खोली दिसते). फोटो निघत असताना पांढऱ्या चादरीतला माणूस मध्येच बाजूला सरकला की तो पारदर्शक दिसे. ती करमणुकीसाठी केलेली होती, त्याच भावाने घ्या.

जवळ एक भिंग आणि लहान लोहचुंबक ठेवा. भिंगाखाली शाईचे ठिपके दिसले तर ते छापील चित्र. टिनटाइप लोखंडी पत्र्यावर असतो, त्याला चुंबक लागतो. अमेरिकन फोटोच्या मागे कराचं तिकीट असेल तर तो १८६४ ते १८६६ मधला. डागेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचा फोटो; त्याचा आरशासारखा पत्रा कशानेही पुसू नका, मऊ कापडाचेही ओरखडे कायमचे राहतात. आपल्या पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेल हवंच.

माझी आई सुरुवातीला म्हणायची, "दुसऱ्यांच्या घरचं सुतक आपल्या घरात कशाला?" मी तिला त्या धूसर आईचा फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली, मग डबा कोरड्या कपाटात ठेवायला तिनेच जागा करून दिली.

तुमच्या टिनटाइपमधल्या मुलीचा चेहरा मनात बसला असेल, तर साध्या टिनटाइपच्या भावाने मागा. विक्रेता मृत्यूचे पैसे मागत राहिला तर सोडून द्या.