सहा महिन्यांच्या बाळाला वरचं अन्न काय आणि कसं सुरू करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलीला येत्या आठवड्यात सहा महिने पूर्ण होतील आणि उष्टावण ठरलंय. सासूबाई म्हणतात डाळीचं पाणी सुरू कर, शेजारीण म्हणते डब्यातलं तयार पीठ आण. शिवाय तुमच्या मनात धाकधूक आहे की अंगावरचं दूधच कमी पडतंय, कारण पोरगी शेजारच्या बाळासारखी गुटगुटीत नाही. तुम्ही नाशिकात इंदिरानगरच्या, मी म्हसरूळच्या पुढे दिंडोरी रोडच्या एका वस्तीवर अंगणवाडी सेविका. एकोणीस वर्षं झाली. डॉक्टर नाही मी, पण इतकी पोरं वजनकाट्यावर ठेवलीत की दोन गोष्टी सांगू शकते.

आधी दुधाचं. दिवसरात्रीत सहा-सात वेळा लघवी होत असेल, पिऊन झाल्यावर बाळ सैलावत असेल आणि जन्माचं वजन आता दुप्पट झालं असेल, तर दूध पुरतंय. संध्याकाळी किरकिर करतं, सारखं अंगाला लुचतं म्हणजे दूध आटलं असं नाही. उलट जितकं पाजाल तितकं येतं, रात्रीचं पाजणं तर मुळीच बंद करू नका. बाळसं कुणाला धरतं, कुणाला नाही. आईबाप शिडशिडीत असतील तर पोर कुठून गुटगुटीत होणार? आणि गुटगुटीत बाळाचं वेड किती असावं, तर बाळाच्या दुधाच्या डब्यावर बाळाचं चित्र छापायलाच १९९२ च्या कायद्याने बंदी घालावी लागली.

आता डाळीचं पाणी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे माझ्या घरात घडलंय.

माझा धाकटा २०१२ चा. सहा महिने निव्वळ अंगावर, उन्हाळ्यातसुद्धा वरचं पाणी दिलं नाही. आईच्या दुधात जास्त करून पाणीच असतं, त्यात भागतं. सहा महिन्यांना वजन ७ किलो ४०० ग्रॅम, अंगणवाडीच्या वजनाच्या कार्डावरची रेघ झकास वर चाललेली. मग तो दिवसभर आत्याबाईंकडे राहू लागला (सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात). त्या फार मायेनं करायच्या. तुरीची डाळ शिजली की खाली बसू द्यायच्या, वरचं निवळ पाणी वाटीत काढायच्या आणि चमच्या-चमच्यानं पाजायच्या. दुपारी भाताची पेज, तीही गाळून, घशात अडकायला नको म्हणून. पोरगं मटामटा प्यायचं, पोट टम्म व्हायचं, गाढ झोपायचं. मी संध्याकाळी घरी आले की अंगावरही कमी प्यायचं. नवव्या महिन्यात काट्यावर घेतलं तर ७ किलो ६००. तीन महिन्यांत दोनशे ग्रॅम! कार्डावर ठिपका हिरव्या पट्टीतच होता, म्हणजे कागदोपत्री पोरगा ‘साधारण’. पण वर जाणारी रेघ आडवी झाली होती. त्या तीन महिन्यांत मी वस्तीतल्या सगळ्या पोरांची वजनं केली होती. स्वतःच्या पोराचं ‘घरचंच आहे, करू की’ म्हणून राहून गेलं.

आत्याबाईंचा दोष नव्हता. डाळीचं पाणी हलकं असतं हे त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलेलं. हलकं असतंच, कारण डाळ तर पातेल्याच्या बुडाशी राहते. ज्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिली मावतं, त्या पोटात वाटीभर निवळ पाणी गेलं की जागा संपली. मग दूधही कमी, अन्नही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय रोज साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, एक ते दोन वर्षांत ५५०. एका छोट्या चमच्यात, ५ ग्रॅम तुपात, ४५ येतात. यावरून निवळ पाण्याचं काय ते समजा.

बायकांच्या बैठकीत मी आता आकडे सांगत बसत नाही. दोन वाट्या मांडते. एकीत वरणाचं पाणी, दुसरीत डाळ-भात हातानं कुस्करून, तूप घालून. चमचा भरायचा आणि तिरपा करायचा. पहिल्यातलं घळाघळा सांडतं, दुसरं चमच्याला धरून राहतं, हळूच घसरतं. जे चमच्याला धरतं ते बाळाचं जेवण. हे एकदा पाहिलं की सासवासुद्धा मान डोलावतात. तुमच्या सासूबाईंना असंच स्वयंपाकघरात करून दाखवा, वाद घालू नका.

उष्टावणाच्या दिवशी खिरीचं बोट चाटवा, त्यानं काही होत नाही. मध मात्र नको, वर्षाच्या आत अजिबात नको. त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि इतक्या लहान आतड्यात ते वाढून विष तयार करतात. दुसऱ्या दिवसापासून मऊ भात आणि घट्ट डाळ, दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. मीठ-साखर वर्षभर विसरा, आपल्याला अळणी लागतं, तिला नाही. जिभेनं बाहेर ढकलेल, तोंड वाकडं करेल. नावडलं असं समजू नका. एकच पदार्थ आठ-दहा वेळा पुढे करावा लागतो. नवव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी तीनदा, वर्षाची झाली की पाऊण ते एक वाटी तीन-चारदा. अंगावर पाजणं दोन वर्षांपर्यंत चालूच. गायीचं दूध खिरीत घाला, पण वर्षाच्या आत बाटलीनं किंवा पेल्यानं पाजू नका. त्यात लोह नाहीसारखं असतं, आणि लोहच तर आता हवंय.

कारण पोटात असताना आईकडून घेतलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो. आईच्या दुधात बाकी सगळं असलं तरी लोह कमीच. म्हणून पालेभाजी डाळीतच शिजवून घोटा, वरून लिंबाचे दोन थेंब. अंडं खाणारं घर असेल तर नीट उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून याच वयात चालतो, मटणाचा बारीक खिमाही. चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र नको, चहानं आहे ते लोहही अंगी लागत नाही. आशाताईंकडे लोहाचं सिरप मिळतं, सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली. मागून घ्या.

शेजारणीच्या डब्याऐवजी नागली आणा (शहरात नाचणी म्हणतात). पेठ-सुरगाणा तालुक्यांतली मिळाली तर उत्तमच. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायचे, मंद भाजून दळायचं. घट्ट लापशी शिजली की यातलं अर्धा चमचा पीठ त्यात घालून ढवळा, बघता बघता सैल होते. मोडांमुळे पिठूळपणा तुटतो. मग पुन्हा एक उकळी काढा. बाळाला गिळायला सोपी, आणि पाणी न घालता सैल झालेली. आमच्याकडे द्राक्षबागांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याहून मजूर येतात, मांडवाच्या खांबाला झोळी बांधून बाळ तिच्यात, थोरली बहीण राखायला. ती सहा-सात वर्षांची पोर काय शिजवणार? आई सकाळी डब्यात अशी लापशी देऊन जाते तेव्हा बाळाला दुपारपर्यंत आधार होतो. उरलेली मात्र संध्याकाळी देऊ नका. उन्हाळ्यात तर नाहीच.

मिक्सरचं एक सांगते. सुरुवातीला ठीक, पण आठव्या-नवव्या महिन्यात तो बंद करा. त्या वयात बाळ अंगठा आणि पहिलं बोट जुळवून शीत उचलायला लागतं. ताटात शिजलेल्या गाजराचे, बटाट्याचे मऊ तुकडे ठेवा आणि सांडू द्या. चावणं, उचलणं, तोंडापर्यंत नेमकं नेणं हा सगळा अभ्यासच आहे. दीड वर्षापर्यंत मिक्सरवर ठेवलेली पोरं पुढे पोळीचा घास बघून ओकारी काढतात, अशी चार-पाच तरी माझ्या वस्तीत आहेत. आणि मोबाइल दाखवून भरवू नका. बाळ गाणं बघतं, पोट भरलं कधी ते त्याला कळतच नाही.

वर्षाची झाली की तुम्ही पुन्हा घाबरणार, ‘खातच नाही’ म्हणून. पहिल्या वर्षात वजन तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढतं. भूक आपसूक कमी होते, बाळसं झडतं, पोरं पळायला लागतात. तेव्हा जबरदस्तीनं कोंबू नका, दर महिन्याला वजन तेवढं करा. इंदिरानगरलाही जवळपास अंगणवाडी असेल, फ्लॅटमध्ये राहतो म्हणून संकोच नको. नाव घाला, कार्ड मागा, ठिपके जोडून रेघ बघा. दोन महिने रेघ आडवी दिसली तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे.

शेवटचं, आपल्या नाशिकचं. द्राक्षं घरात असणारच. लहान पोराला अख्खं द्राक्ष देऊ नका, पाच वर्षांची होईपर्यंत नाही. गोल, निसरडं, श्वासनळीत बुचासारखं बसतं. धुवून, उभं कापून चार फोडी करा. आडवं कापलं तर चकती तशीच गोल राहते. शेंगदाणे-फुटाण्यांचंही तेच, कूट करून द्या. मागच्या हंगामात एका बागेच्या बांधावर दीड वर्षाच्या पोराला कुणीतरी कौतुकानं घडातलं तोडून दिलं आणि पोर निळं पडायला लागलं. मी हातावर पालथं घेतलं, डोकं खाली केलं, तळहातानं पाठीत पाच दणके दिले. चौथ्याला की पाचव्याला बाहेर पडलं ते. अख्खं होतं, दाताची खूणसुद्धा नव्हती.